वाशीला गाडी पोचवायला गेलो तेव्हा

गाडी सुरेखाला द्यायची, हे दिवाळीनंतर ठरलं. सुरेखा ही माझ्या नणंदेची मुलगी. वाशी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे आणि आजवर पावसापाण्यात स्कूटीवरूनच गावं पालथी घालत आलीय. गाडी आमची, पांढरी, पेट्रोलवरची, लहानशी. ती चालवायची ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, आणि मी शेजारी बसून बघायचं, घरी येऊन लिहायचं. या ब्लॉगवरचा प्रत्येक प्रवास तसाच झाला. दिवाळीच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेनं पडदा खराब केलाय, यापुढं स्टिअरिंग धरायचं नाही. मी दोनदा गाडी शिकायला गेले होते. दोन्ही वेळा क्लचवर पाय थरथरायला लागला, तो शेवटपर्यंत थांबला नाही. मग गाडी ठेवून करायचं काय?

सुरेखा आदल्या संध्याकाळी एसटीनं सोलापूरला आली आणि शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. पौषातली सकाळ, आभाळ भरून आलेलं, पण पावसाचं नव्हे, नुसतंच कळकट. ह्यांनी गाडी स्वतः पुसली. पुसून झाल्यावर सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दाराला हात लावला आणि मग वळसा घालून डावीकडे आले. मी मागं बसले. मागच्या सीटवरून ह्यांचं डोकं इतका वेळ मी कधी पाहिलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. सोलापूर ते वाशी रस्ता चौपदरी, उत्तम आहे. फास्टॅगमध्ये पैसे असू द्या, वाटेत टोलनाके आहेत. मंगळवारी-शुक्रवारी तुळजापूरला देवीच्या दर्शनाची गर्दी असते, त्यामुळं आम्ही आत न जाता रस्त्यावरूनच हात जोडले. घाट छोटा आहे. सुरेखा गाडी नीट चालवते, पण गिअर जरा उशिरा बदलते. इंजिन कण्हायला लागलं की हे डाव्या हातानं आपल्या मांडीवर टक टक करायचे. 

धाराशिवला चहा घेतला आणि डबाभर गुलाबजाम बांधून घेतले. इथले गुलाबजाम खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नये असं मी पूर्वी लिहिलंय, ते अजून खरं आहे. गरमच खा. ह्यांना अर्थातच बंद आहेत. दुकानदारानं द्रोण पुढं केला तेव्हा ह्यांनी हात आडवा धरला, पण द्रोणाच्या बऱ्याच बाजूला.

येडशीहून आत वळून रामलिंगला गेलो. डोंगराच्या घळीत, झाडीत दडलेलं महादेवाचं देऊळ आहे. खाली उतरायला पायऱ्या आहेत. पावसाळ्यात इथं धबधबा कोसळतो आणि लोक मुंग्यांसारखे असतात. पौषात पाणी बोटभर, माणसं चारदोन आणि माकडं भरपूर. खाण्याची पिशवी गाडीतच ठेवा. हे म्हणाले, "गुडघा दुखतोय. तुम्ही जाऊन या." मी आणि सुरेखा खाली गेलो, घंटा वाजवली, थंडगार दगडावर थोडं टेकलो. तिथं सुरेखानं मला विचारलं, "मामी, मामाला किती दिसतं आता?"

"उजवा डोळा जवळजवळ गेलाय," मी म्हटलं. "डाव्यात मधे मधे काळे डाग. तोंडं ओळखतात अजून."

"आणि मामा काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत."

वर आलो तर हे गाडीला पाठ टेकून उभे होते, दरीकडं तोंड करून, जसं काही सगळं दिसतंय.

पिवळा दिवा लागला तो तेरखेड्याच्या पुढं. महामार्गाच्या कडेनं फटाक्यांची दुकानं लागतात, ती मागं पडली आणि सुरेखा म्हणाली, "मामा, हे काय लागलंय? इंजिनाचं चित्र."

ह्यांनी वाकून पाहिलं. दिसलं असेल की नाही, ठाऊक नाही. पण चेहरा असा पडला, की जणू लग्नात दिलेलं पातळ भर मांडवात उसवलं.

हा दिवा आमच्या ओळखीचा होता. महिन्याभरापूर्वी तो पहिल्यांदा लागला, तेव्हा गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावून सांगितलं होतं, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा दोष आहे. मला तेव्हा ह्यांनी समजावलं होतं ते असं. धुराच्या नळीत एक सेन्सर असतो. तो धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते मोजतो आणि त्यावरून किती पेट्रोल सोडायचं हे गाडी ठरवते. पण तो तापल्याशिवाय काम करत नाही. थंड इंजिन चालू केलं की तो लवकर तापावा म्हणून त्याच्या पोटात एक बारीकशी शेगडी असते. ती शेगडी पेटेना, म्हणून दिवा. गाडी बंद पडत नाही, ओढही फारशी कमी होत नाही. नुसतं पेट्रोल जास्त जातं आणि धूर घाण येतो. गॅरेजनं नवा सेन्सर बसवला, दिवा गेला, आणि आता ऐन वाशीच्या तोंडावर परत आला.

"चालतं की मामा," सुरेखा म्हणाली. "मी इथं दाखवीन कुणाला तरी."

"न्हाय," हे म्हणाले. सोलापुरात इतकी वर्षं काढली, पण गावाकडची माणसं भेटली की ह्यांची भाषा लगेच वाशीची होते. "खोड असलेली गाडी तुझ्या दारात लावायची न्हाय मला. आधी गॅरेजला चल."

वाशी तालुक्याचं गाव आहे, पण मोठं नाही. फाट्यावरून आत आलं की बसस्थानक, कापडाची, बी-बियाण्यांची दुकानं, आणि मग बाजारतळाच्या अलीकडं रफीकभाईंचं गॅरेज. रफीकभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. पन्नाशीचे, अंगानं किडकिडीत. त्यांनी स्टिअरिंगखाली बोटाएवढा स्कॅनर लावला, मोबाइलवर बिघाडाचा कोड पाहिला.

"हीटर सर्किटच दाखवतंय," ते म्हणाले. "काका, कोड पुसून देतो. दिवा जाईल."

"आणि परत लागला की?"

"लागंल तवा बघू."

"तसं नको," हे म्हणाले. "सेन्सर नवा आहे. मग बिघाड वायरीत आहे. वायर शोधू."

रफीकभाईंनी ह्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं, मग घड्याळाकडं. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती. "मी जाऊन येतो," ते म्हणाले. "तसंबी इंजिन गरम हाय, आता हात घालता येनार न्हाय. हे मीटर ठेवतो. गार झालं की तुमी बघा तवर." आरोग्य केंद्रातून फोन आला म्हणून सुरेखाही स्कूटी घ्यायला पायीच घरी गेली. गॅरेजसमोर आम्ही दोघंच उरलो, उघडं बॉनेट आणि एक पिवळा मल्टिमीटर.

मी घरून आणलेल्या दशम्या काढल्या. आम्ही बाकड्यावर बसून खाल्ल्या. इंजिन हात लावण्याइतकं निवलं तसे हे उठले. फ्यूज मीच काढून पाहिला, आतली तार शाबूत होती. मग त्यांनी चाचपडत सेन्सरचा जोड शोधला आणि सोडवला.

"चार वायरी आहेत ना? त्यातल्या दोन पांढऱ्या?"

"हो."

"त्या शेगडीच्या. मीटर दोनशे ओहमवर लाव. आकडा फक्त तू वाच. टोकं मी धरतो."

मी धरू का, म्हणून हात पुढं केला होता. मागं घेतला. मीटरच्या दोन्ही काड्या त्यांनी बोटांनी जागा शोधत लावल्या.

"काय दाखवतंय?"

"एक," मी म्हटलं.

"एक? नुसता एक ओहम? इतका कमी कसा?" ते विचारात पडले. मग म्हणाले, "एक कुठं दिसतोय? उजवीकडं की डावीकडं?"

"डावीकडं. एकटाच आहे. पुढं काहीच नाही."

"मग तो एक नव्हे," ते म्हणाले. "डावीकडं एकटा एक म्हणजे तार तुटलीय. मीटरला वाट सापडत नाही. म्हणजे नव्या सेन्सरचीच शेगडी तुटकी. तुटका माल बसवला आपल्याला." ते मागं सरकले आणि बाकड्यावर बसले. खूप संतापले होते. सोलापूरच्या गॅरेजवाल्याला फोन लाव म्हणाले.

मी फोन काढला, पण लावला नाही. मीटरच्या काड्या होत्या तशाच जोडात अडकून राहिल्या होत्या. वाकून पाहिलं तर एक पिनेवर होती. दुसरी बाजूच्या प्लॅस्टिकमध्ये खुपसलेली होती, पिनेला शिवलीच नव्हती.

हे त्यांना कसं सांगायचं, हे मला सुचेना. इतक्या वर्षांत गाडीच्या बाबतीत मी त्यांना काही सांगितल्याचं आठवत नाही. शेवटी मी काहीच न बोलता ती काडी काढून पिनेवर धरली. "आता नऊ दाखवतंय," मी म्हटलं. "नऊ पॉइंट दोन."

 त्यांनी विचारलं, "मी कुठं लावली होती?"

"जरा बाजूला."

"नऊ म्हणजे सेन्सर चांगला आहे," ते म्हणाले आणि तेवढंच. फोनचं नाव परत काढलं नाही. त्यानंतर काड्याही धरल्या नाहीत. रफीकभाई येईपर्यंत आम्ही बाकड्यावर बसून होतो. समोरच्या रस्त्यानं ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याच्यामागं धूळ, त्या धुळीतून शाळेतली पोरं.

रफीकभाई आले. मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि लहानसा बल्ब लावलेल्या दोन तारा आणल्या. सेन्सरऐवजी तो बल्ब गाडीकडच्या जोडाला लावला आणि मला इंजिन चालू करायला सांगितलं. किल्ली फिरवण्यापुरती मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. शेगडीला वीज पोचत असेल तर बल्ब लागायला हवा. लागला नाही. मग त्यांनी वायरींचा जुडगा हलवला आणि बल्ब क्षणभर लुकलुकला, परत गेला.

"हितंच कुठंतरी हाय," ते म्हणाले. "काका, जरा बोटं लावा की. इंजिन बंद करा, मावशी."

रफीकभाई ह्यांची अवस्था बघून म्हणाले, की खरंच त्यांना दुसरा हात हवा होता, मला कळलं नाही. हे उठले. दोघांनी दोन टोकांकडून वायर बोटांत धरून चाचपत आणली. इंजिनाला धरून एक पत्र्याची पट्टी आहे, तिथं वायर क्लिपेत करकचून आवळली होती. सेन्सर बदलताना कुणीतरी ताणून बसवली असावी. वरचं आवरण धड, आतलं तांबं तुटलेलं. हादऱ्यानं टोकाला टोक लागलं की दिवा जायचा, सुटलं की यायचा.

रफीकभाईंनी तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडला, झाळला, वर प्लॅस्टिकची नळी चढवून गरम करून आवळली आणि वायर धुराच्या नळीपासून लांबून फिरवून घेतली. बल्ब लावून पाहिला, स्थिर लागला. मग सेन्सर जोडला, कोड पुसला. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गाडीत हा दिवा नवा सेन्सर घालूनही परत येत असेल, तर दुसरा सेन्सर घेण्याआधी वायर तपासायला सांगा, एवढंच माझं सांगणं.

"सकाळी गार इंजिनावर चालू करून चक्कर मारा," रफीकभाई म्हणाले. "खरी परीक्षा तवाच. आज हितंच राहू द्या गाडी."

रात्री नणंदेकडं मुक्काम. वन्संनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि भावासाठी मुद्दाम कमी तिखटाचं वांगं केलं होतं. या भागात खवा फार चांगला मिळतो. इथला पेढा तुम्ही घेऊनच या. वन्सं सारख्या ह्यांच्या ताटाकडं बघत होत्या. भाकरीचा तुकडा आमटीच्या वाटीऐवजी पाण्याच्या तांब्याकडं गेला तेव्हा त्यांनी वाटी हळूच सरकवली. 

सकाळी धुकं होतं. गॅरेजसमोर गाडी दवानं भिजून उभी होती. सुरेखा किल्ली घेऊन पुढं झाली, तेव्हा हे म्हणाले, "काम झाल्यावर पहिली चक्कर नेहमी मी मारतो."

सुरेखानं माझ्याकडं पाहिलं. मी नाही म्हणायला हवं होतं. डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. पण आदल्या दिवशीची ती प्लॅस्टिकमध्ये खुपसलेली काडी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि त्या माणसाला पुन्हा, तेही सुरेखासमोर, खाली बघायला लावणं मला जमलं नाही.

"बाजारतळापर्यंतच," मी म्हटलं. "मी शेजारी बसते."

बाजार नव्हता, गल्ली रिकामी होती. ह्यांनी किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले आणि गेले, पिवळाही गेला. "गेला ना?" त्यांनी विचारलं. "गेला," मी म्हटलं. क्लच, गिअर, सगळं लोण्यासारखं. गाडी अशी निघाली, की कालपासून कण्हत होती ती हीच का, असं वाटावं. त्यांचे खांदे सैल झाले. शंभरेक पावलं आम्ही अशी गेलो. मला वाटलं, डॉक्टर काहीही म्हणोत.

उजव्या हाताला नळ होता. तिथं एक बाई पाठमोरी बसून भांडी घासत होती. मला वाटलं, ते बघतायत. गाडी थोडी उजवीकडं सरकली, तरी मला वाटलं, बघतायत. मग मी ओरडले आणि हँडब्रेक ओढला. चाकाखाली काहीतरी कडकड करत चेपलं.

बाई उडी मारून भिंतीला लागली होती. तिला काही झालं नव्हतं. पितळेचा हंडा चाकाखाली ताटासारखा सपाट झाला होता. ती काचेजवळ आली. ह्यांच्या तोंडाशी तोंड आणून म्हणाली, "दिसत न्हाय व्हय?"

रस्त्यावर रोज कुणीतरी कुणाला तरी म्हणतं, तसंच ती म्हणाली. ह्यांनी काच पूर्ण खाली केली.

"न्हाय, बाई," ते म्हणाले. "दिसत न्हाय मला."

बाईचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मग ती खाली वाकून बाकीची भांडी गोळा करायला लागली आणि म्हणाली, "जाऊ द्या मग. माणूस वाचलं." तिच्या हातातून पेला दोनदा निसटला.

ह्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, गाडीला हात लावत लावत डावीकडं आले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. सुरेखा धावत आली होती. गाडी तिनं मागं घेतली. वन्संनी नंतर घरातला हंडा त्या बाईकडं नेऊन दिला. पिवळा दिवा लागला नव्हता. त्यानंतर आजपर्यंतही लागलेला नाही, असं सुरेखा फोनवर सांगते.

दुपारी एसटीनं निघालो. वाशीहून सोलापूरला थेट गाडी मिळाली नाही, तर धाराशिवला बदला, तिथून भरपूर आहेत. मला बाई म्हणून आणि ह्यांना वयामुळं, दोघांनाही अर्धं तिकीट. खिडकीची जागा त्यांना दिली. धाराशिव मागं पडलं. मग ते म्हणाले, "उजवा डोळा दिवाळीत नाही गेला."

"मग कधी?"

"मागच्या वर्षी कोकणात गेलो, त्याच्या आधीच."

कोकणात आम्ही आंबा घाटातून उतरलो होतो, पावसात. दरी उजव्या अंगाला आली की ते गाणं गुणगुणायचे. मी त्यावर लांबलचक लिहिलं होतं, आणि त्याखाली तुमच्यापैकी कितीतरी जणांनी चालवणाऱ्याचं कौतुक केलं होतं. त्या घाटात समोरून आलेल्या प्रत्येक ट्रकसमोर मी आता बसल्या जागी परत जाऊन आले.  मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण बस भरलेली होती. पुढच्या बाकावरच्या बाईच्या खांद्यावर मूल झोपलं होतं.

"का नाही सांगितलंत?" मी एवढंच विचारलं.

ते खिडकीबाहेर बघत होते. "तू एकटी गेली नसतीस," ते म्हणाले.

घरी येऊन आठवडा झाला. कोकणाचं ते लिखाण काढून टाकावं का, यावर मी रोज विचार करते. अजून काढलेलं नाही. त्यातला एकही शब्द खोटा नाही, तरी मला ते वाचवत नाही. रागही गेलेला नाही. तो दिवसातून एकदोनदा येतो, बहुतेक भांडी घासताना. आणि त्यांनी बसमध्ये म्हटलेलंही खोटं नाही. मी एकटी कुठंच गेले नसते. रामलिंगच्या पायऱ्या नाहीत, घाट नाही, काही नाही. मला सगळीकडं नेणं आणि एका डोळ्यावर घाटातून नेणं, या दोन गोष्टी एकाच माणसानं माझ्यासाठी केल्या, आणि त्यांची वजाबाकी मला करता येत नाही.

आज दुपारी मी चहा केला. ते बाहेरच्या खोलीत बसले होते. मी कप त्यांच्या हातात दिला, बोटं कपाच्या कानात नीट अडकली ना ते बघितलं, आणि मग माझा हात काढून घेतला.